ग्रामसभेचे इतिवृत्त आता यंत्र लिहिणार. आपला आवाज त्यात येणार का?

केंद्र सरकारच्या पंचायती राज मंत्रालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी 'सभासार' नावाचे साधन सुरू केले. ग्रामसभेचे चित्रीकरण किंवा ध्वनिमुद्रण त्यात टाकले की यंत्र बोलणे ऐकते, त्याची अक्षरे करते आणि त्यातून सभेचे इतिवृत्त तयार करून देते. दुसऱ्याच दिवशीच्या, म्हणजे १५ ऑगस्टच्या विशेष ग्रामसभांसाठी त्रिपुरातील ग्रामपंचायतींनी ते वापरायचे ठरले. इतर राज्यांनीही ते वापरावे, असे मंत्रालयाने सांगितले. हे साधन 'भाषिणी' या सरकारी भाषा-मंचाच्या आधारावर चालते. भाषिणी जुलै २०२२ मध्ये सुरू झाली आणि मराठी तिच्या भाषांपैकी एक आहे.

आम्ही सिरसाळा आणि परळी तालुक्यातील आसपासच्या गावांत काम करतो. ग्रामसभेत कोण काय बोलले हे गाव चार दिवसांत विसरते. प्रोसिडिंग बुकात जे उतरले ते मात्र राहते. घरकुलाची यादी, वस्तीतला रस्ता, स्मशानभूमीची जागा, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकास योजनेतले काम, ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील मागासवर्गीयांसाठीचा १५ टक्के खर्च, या सगळ्याचा माग पुढे त्या वहीतूनच काढावा लागतो. त्यामुळे ती वही कोण लिहिणार हा आपल्या हक्कांचा प्रश्न आहे.

वही आजवर कशी लिहिली गेली?

यंत्राला दोष देण्याआधी माणसाचा हिशेब मांडला पाहिजे. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, एकटे असतात. अनेकदा एकापेक्षा जास्त गावे सांभाळतात. सभा चालवायची, उत्तरे द्यायची आणि लिहायचेही त्यांनीच. मग ठराव सभेनंतर लिहिले जातात, 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द हाताच्या सवयीने पडतात आणि वस्तीतल्या बाईने उभे राहून विचारलेला प्रश्न 'किरकोळ चर्चा' होतो. कोरम, म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती, भरला नाही म्हणून तहकूब झालेल्या सभेचे इतिवृत्त तर गावाने कधी पाहिलेलेच नसते.

या पार्श्वभूमीवर सभासारचे एक आश्वासन मोठे आहे. बोलणे मुद्रित होणार असेल, तर 'हा विषय निघालाच नव्हता' असे कोणाला म्हणता येणार नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी हे साधन नाकारण्याची घाई करू नये, असे आम्हाला वाटते ते यासाठी. पण यंत्र लिहिते म्हणजे ते निःपक्षच लिहिते, हा समज आधी तपासून घ्यावा लागेल.

यंत्र ऐकायला शिकते कसे?

आवाज ओळखणारे यंत्र भाषा समजत नाही. त्याला हजारो तासांचे बोलणे आणि त्या बोलण्याची लिहिलेली प्रत, अशा जोड्या दाखवल्या जातात. कोणत्या आवाजानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे ते त्यातून शिकते. आवाज अस्पष्ट असला किंवा शब्द अनोळखी असला, की ते गप्प बसत नाही. आपल्या साठ्यात जे जास्त वेळा आले आहे ते लिहून मोकळे होते. म्हणजे साठ्यात ज्याचे बोलणे जास्त, त्याचे बोलणे बरोबर उतरते.

ओपनएआय कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये 'व्हिस्पर' नावाचे असे सॉफ्टवेअर खुले केले. ते ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनीवर शिकवले होते आणि त्यातला जवळपास दोन तृतीयांश भाग इंग्रजीचा होता. उरलेल्यात जगातल्या इतर सगळ्या भाषा. मराठीच्या वाट्याला त्यातले किती येणार, आणि त्या मराठीत बीड जिल्ह्यातली वस्ती किती येणार?

एकाच भाषेतही सगळ्यांचे ऐकणे सारखे होत नाही. अमेरिकेत २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्यांची आवाज ओळखणारी यंत्रे संशोधकांनी तपासली. गोऱ्या वक्त्यांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या, तर काळ्या वक्त्यांच्या बोलण्यात ३५. दोघेही इंग्रजीच बोलत होते. कोणी यंत्राला 'काळ्या माणसाचे नीट ऐकू नकोस' असे सांगितले नव्हते. काळ्या समाजाचे बोलणे शिकवणीच्या साठ्यात पुरेसे नव्हते, एवढे पुरले. भेदभावासाठी दर वेळी कोणाच्या मनात द्वेष असावा लागत नाही. व्यवस्थेत आपली जागा नसणे पुरेसे असते. जातिव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

मराठी, पण कोणाची?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा मराठी आहे. हिंदी आणि बंगालीनंतर तिसरा क्रमांक. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. परंपरेने आद्यकवी मानलेल्या मुकुंदराजांची समाधी आपल्या शेजारी अंबाजोगाईत आहे. तरीही याच मातीतली बोली शाळेत 'गावठी' ठरते आणि मुलाखतीत पोरगा 'न्हाई' म्हणाला की समोरचा हसतो.

आम्ही काही कार्यकर्त्यांनी मोबाईलवरच्या आवाजी टायपिंगमध्ये इथली रोजची वाक्ये बोलून पाहिली. याला पाहणी म्हणता येणार नाही, पण जे दिसले ते सांगण्यासारखे आहे. बातम्यांसारखी मराठी बोललो की अक्षरे सरळ उतरली. आपल्या घरातले बोललो की अडखळली. 'येळ'चा 'खेळ' झाला. यावर हसून सोडून देता येते. पण 'मपलं घर' म्हटले तर 'आपलं घर' लिहून आले. 'मपलं' म्हणजे माझे. जागेच्या वादात 'माझे' आणि 'आपले' यांत केवढा फरक आहे! 'पानी येईना' म्हटले तर 'पाणी येईल ना' असे उमटले. तक्रारीची आशा झाली.

अशी वाक्ये इतिवृत्तात गेली तर ती चूक आहे हे ओळखणार कोण? शब्द शुद्ध आहेत, वाक्य नीट आहे. छापील कागद पाहून साहेबाला शंका यायचे कारण नाही.

लोकांच्या भाषेचा हा प्रश्न आपल्या परंपरेलाही जुना आहे. आपले वचन वैदिक छंदात बांधावे अशी सूचना काही भिक्खूंनी केली, तेव्हा बुद्धांनी ती नाकारली आणि ज्याने त्याने आपापल्या भाषेत ते शिकावे असे सांगितले, असा प्रसंग विनयपिटकात आहे. ज्ञान लोकांच्या बोलीत असावे हा जसा आग्रह, तसाच सरकारी कागदाने लोकांची बोली ऐकावी हाही आग्रह असला पाहिजे.

थांबत बोलणाऱ्याचे काय?

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात व्हिस्परचीच तपासणी झाली. सुमारे एक टक्का ध्वनिफितींच्या लेखी प्रतीत कोणी न बोललेली संपूर्ण वाक्ये किंवा वाक्प्रयोग आढळले. अशा बनावट मजकुरापैकी ३८ टक्के मजकूर घातक स्वरूपाचा होता: हिंसेचे उल्लेख, चुकीचे संबंध जोडणे वगैरे. मेंदूच्या आजारामुळे बोलण्यात अडथळा असलेल्यांच्या बाबतीत हे प्रमाण जास्त होते, आणि बोलण्यातले लांब विराम हे त्याचे एक संभाव्य कारण संशोधकांनी दाखवले.

आता ग्रामसभेत पहिल्यांदा उभी राहिलेली बाई डोळ्यांपुढे आणा. समोर सरपंच, बाजूला गावातली बडी मंडळी, मागे कुजबुज. ती थांबत थांबत बोलते. माईक बहुतेक वेळा तिच्यापर्यंत येतच नाही. जो माईकजवळ बसतो, सलग बोलतो, प्रमाण भाषेत बोलतो, त्याचे सगळे उतरते. गावातली जुनी उतरंड माईक आणि मोबाईलमधून कागदावर जशीच्या तशी जाऊ शकते.

त्यात 'सभासार' पूर्ण बोलणे शब्दशः नोंदवून थांबत नाही. ते सार काढते. तासाभराच्या चर्चेतून चार मुद्दे ठेवायचे म्हणजे बाकीचे गाळायचे. ज्या विषयावर दहा जण बोलले तो मुद्दा राहणार आणि ज्यावर एकटी बाई बोलली तो गळणार, ही भीती वाजवी आहे. अल्पसंख्याकांचे म्हणणे बहुमताच्या सारात विरघळते, हे आपण राजकारणात पुरेसे पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट यंत्राच्या हाती नाही. २ ऑक्टोबरची ग्रामसभा होते न होते तोच बीड जिल्ह्यातले कोयते कारखान्यांकडे निघतात. २६ जानेवारीला हजारो ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असतात. जो सभेत नाही त्याला कोणतेही यंत्र ऐकू शकत नाही. त्या कुटुंबांसाठी सभेची तारीख हाच मुख्य प्रश्न आहे आणि त्यावर तंत्रज्ञानाकडे उत्तर नाही.

ठाण्यातला आणि न्यायालयातला शब्द

आवाजावरून लिहिण्याचे काम ग्रामपंचायतीपुरते राहणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीपासून यंत्राच्या मदतीने थेट लेखी प्रत तयार करायला सुरुवात केली. केरळ उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०२५ पासून खालच्या न्यायालयांत साक्षीदारांचे जबाब नोंदवताना असे साधन वापरणे बंधनकारक केले. महाराष्ट्र पोलिसांसाठी राज्याने २०२४ मध्ये 'मार्वेल' ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारी कंपनी उभी केली आहे. आज ना उद्या तालुक्याच्या ठाण्यातही फिर्याद बोलून टाइप होईल.

अत्याचार प्रतिबंधक कायद्यात शब्दाचे वजन काय असते, हे आपल्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) खाली लोकांसमक्ष केलेला अपमान आणि जातीवाचक शिवीगाळ हा गुन्हा आहे. तिथे आरोपी नेमके काय बोलला हाच पुरावा असतो. आता गंमत पाहा. अनेक मोबाईलमध्ये आवाजी टायपिंगला अपशब्द लपवण्याची सोय असते. ती चालू असेल तर शिवीच्या जागी फुल्या उमटतात. घरगुती वापरात ती सभ्यता झाली. फिर्यादीत तो पुरावाच पुसणे झाले. उलट बाजूने, जातीचे नाव जिथे साधी माहिती म्हणून आले आहे तिथे ते अपशब्द समजून झाकले जाऊ शकते. कोणता शब्द झाकायचा याची यादी बनवणाऱ्याला आपले गाव माहीत असेलच असे नाही.

यावरचा उपाय मात्र कायद्यात आधीपासून आहे. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, या कायद्याच्या कलम ४ मध्ये लोकसेवकाची कर्तव्ये स्पष्ट केली. तोंडी दिलेली माहिती लिहून घेतल्यावर फिर्यादीची सही घेण्यापूर्वी ती त्याला वाचून दाखवणे, हे त्यातले पहिले कर्तव्य. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सुद्धा तोंडी माहिती लिहून, वाचून दाखवून मगच सही घ्यायला सांगते. कलम १५ अ (१०) नुसार अत्याचाराच्या गुन्ह्यांतील कार्यवाहीचे चित्रीकरण झाले पाहिजे. लिहिणारा हवालदार असो की यंत्र, वाचून दाखवण्याची जबाबदारी संपत नाही. 'कॉम्प्युटरनेच लिहिले आहे, सही करा' हे वाक्य ऐकू आले की तिथेच थांबायचे, हे प्रत्येक कार्यकर्त्याने आतापासून लोकांना सांगायला हवे.

नोकरीचा प्रश्न

आपल्या तरुणांना या विषयाची झळ आणखी एका बाजूने लागणार आहे. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठी टंकलेखनाचे मिनिटाला ३० शब्दांचे प्रमाणपत्र मागितले जाते. परळीला, अंबाजोगाईला खोली करून, टायपिंगची फी भरून हे प्रमाणपत्र मिळवणारी पोरे-पोरी आपल्यात खूप आहेत. बोलून लिहिण्याचे साधन कार्यालयात रुळले की बोटांच्या वेगाची किंमत उतरेल.

पण त्याच जागी दुसरे काम तयार होते. यंत्राने लिहिलेले ऐकून तपासणारा, बोली जाणणारा, कायद्याचे शब्द माहीत असलेला माणूस लागणार. 'मपलं' म्हणजे काय हे ज्याला सांगावे लागत नाही, असा माणूस. हे काम आपल्या तरुणांना येणारे आहे, कारण ती भाषा त्यांची आहे. आजवर जी बोली मुलाखतीत उणेपण ठरत होती ती इथे पात्रता ठरू शकते.

हा नुसता आशावाद नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रामीण गरीब, शहरी गरीब आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा तीन गटांतील ३६ जणांकडून १०९ तासांची मराठी ध्वनिसामग्री गोळा केली होती. गरीब गटांनी केलेले काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचे होते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच प्रयत्नांतून पुढे 'कार्या' ही संस्था उभी राहिली. ती गावातल्या आणि वंचित समाजातल्या लोकांना आवाज मुद्रित करण्याच्या कामाचे चांगले पैसे देते. आवाजाला बाजारात किंमत आहे, हे त्यातून सिद्ध झाले. मग सरकारी साधनांसाठी आपले आवाज फुकट का जावेत, हाही प्रश्न आपण विचारला पाहिजे. भाषिणीच्या 'भाषादान' उपक्रमात कोणीही बोलून किंवा दुसऱ्याचे बोलणे तपासून भर घालू शकतो. त्यात जरूर भाग घ्यावा. पण ज्यांचे पोट हातावर आहे त्यांच्याकडून दानाची अपेक्षा करताना मोबदल्याचाही विचार व्हावा.

आपण काय मागायचे?

पहिली मागणी, मूळ आवाज जपून ठेवा. यंत्राच्या कागदाला आव्हान द्यायचे तर ध्वनिफीत हाच आधार आहे. लेखी प्रत तयार झाली की मूळ मुद्रण पुसायचे, असे होता कामा नये. ग्रामसेवकाच्या हातच्या वहीत जे कधीच मिळाले नाही ते यंत्र देऊ शकते: शब्द कोणाचा होता हे पुन्हा ऐकण्याची सोय. ही सोय नसेल तर यंत्र म्हणजे नव्या अक्षरातली जुनीच वही.

दुसरी मागणी, वाचून दाखवा आणि दुरुस्त करू द्या. प्रत्येक सभेचा पहिला विषय 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हाच असतो. बहुतेक ठिकाणी तो एका मिनिटात उरकतो. तो विषय आपण गंभीरपणे घेतला तर दुरुस्तीचा हक्क वेगळा मागायलाही नको. वाचताना हात वर करायचा आणि 'माझे म्हणणे असे नव्हते' हे नोंदवून घ्यायचे.

तिसरी, जे एकट्याने मांडले तेही नोंदवा. सारांशात कोणत्या वस्तीतून कोणता प्रश्न आला याचा स्वतंत्र रकाना असावा. महिला सभेचे इतिवृत्तही वेगळे निघावे.

चौथी, साधन कोणाच्या आवाजावर तपासले ते जाहीर करा. मराठवाड्याची बोली, वऱ्हाडी, कोकणी वळणाची बोली, आदिवासी भाषा यांवर किती चुका होतात, याचे आकडे सरकारने प्रसिद्ध केल्याशिवाय असे साधन कोणत्याही कार्यालयात सक्तीचे करू नये.

पाचवी, बार्टीसारख्या संस्थेने लेखी प्रत तपासण्याचे प्रशिक्षण सुरू करावे. टंकलेखनाच्या जोडीला हा अभ्यासक्रम असेल तर उद्याच्या जागांसाठी आपली मुले आज तयार होतील.

या मागण्या होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. आपल्याच कामात हे साधन वापरता येते. फडावर कोणती उचल किती घेतली, किती फेडली याचा बहुतेक हिशेब तोंडी असतो आणि मुकादमाच्या डायरीत असतो. कामगाराने तारीख सांगून आपल्या बोलीत हिशेब मोबाईलवर बोलून ठेवला, कार्यकर्त्याने यंत्राकडून त्याची प्रत काढली आणि शब्द न् शब्द तपासून दुरुस्त केली, तर निरक्षर माणसाच्या हातातही कागद येतो. तो कागद करायचा की नाही, कोणाला दाखवायचा, हे मात्र त्यानेच ठरवायचे. आवाज ही त्याची खाजगी माहिती आहे.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला तेव्हा प्रश्न होता, आमचे म्हणणे छापणार कोण? आज छापणे सोपे झाले आहे. आमचे म्हणणे जसे आहे तसे उतरले का, हे तपासणे अवघड झाले आहे. येत्या ग्रामसभेला प्रत्येक वस्तीतून दोन-चार तरुणांनी तरी जावे. मोबाईल चालू ठेवून बसावे. सभा झाल्यावर इतिवृत्ताची प्रत मागावी. दिली नाही तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज टाकावा. मग आपले मुद्रण आणि ती प्रत शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवावी. काय गळले त्याची यादी करावी आणि पुढच्या सभेत पहिल्या विषयालाच ती वाचून दाखवावी.